खोटा आळ आणि ख्रिस्ती मौन

प्रति,
महाराष्ट्रात व गोव्यात मराठीतून प्रवचन करणारे सर्व धर्मगुरू आणि पाळक यांस,

विषय : खोट्या आरोपापुढे गप्प राहण्याची शिकवण

आपल्यावर खोटा आळ आला असता स्वतःची बाजू न मांडता तो सोसणे, हा ख्रिस्ती साधनेत फार जुना सद्गुण मानला गेला आहे. उपवासकाळातल्या प्रवचनांत, तपसाधनेच्या शिबिरांत आणि व्रतस्थांच्या प्रशिक्षणात तो आजही शिकवला जातो. शिकवण खरी आहे. मात्र बहुतेक वेळा ती अर्धीच सांगितली जाते. मौन कोणी पाळावे, कशाबाबत पाळावे आणि ते पाळायला सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे परंपरेने पूर्वीच दिलेली आहेत. ती प्रवचनात क्वचितच येतात.

शिकवणीचे मूळ येशूच्या खटल्यात आहे. मार्कच्या शुभवर्तमानात महायाजकाच्या सभेपुढे खोटे साक्षीदार उभे राहतात, त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, तरी येशू त्या खोडून काढत नाही. पिलातापुढे मुख्य याजक आरोपांमागून आरोप करतात तेव्हाही तो गप्प असतो. हेरोदाला चमत्कार पाहण्याची हौस होती, असे लूक सांगतो. त्याच्या प्रश्नांना तर एकही उत्तर मिळाले नाही. यशयाच्या ५३व्या अध्यायातला, छळ सोसताना अवाक्षर न काढणारा सेवक तो हाच, असे पहिल्या ख्रिस्ती पिढीने ओळखले आणि मौनाचा हा धागा पक्का झाला.

पण त्याच खटल्यात येशू बोललाही आहे, आणि प्रवचनातून गळते ते हे. ‘तू ख्रिस्त आहेस काय’ असे महायाजकाने सरळ विचारले तेव्हा त्याने होकार दिला. शिक्षा पक्की झाली ती त्या होकाराने. योहानाच्या १८व्या अध्यायात एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. येशूने तिथे दुसरा गाल पुढे केला नाही. वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मारलेस का, असा जाब त्याने विचारला. सत्य आणि राज्य यांबद्दल पिलाताशी त्याचे चांगले लांबलचक बोलणे झाले. म्हणजे जीव वाचवण्यासाठी तो बोलला नाही. आपण कोण आहोत आणि सत्य काय आहे, हे विचारल्यावर मात्र त्याने झाकून ठेवले नाही. वधस्तंभाकडे जाणारे हे मौन सरसकट नव्हते, निवडलेले होते.

पेत्राच्या पहिल्या पत्रातला दुसरा अध्याय या विषयावर सर्वांत जास्त वापरला जातो. अन्याय सोसताना उलट शिव्या न देणाऱ्या ख्रिस्ताचा कित्ता तिथे समोर ठेवला आहे. तो उपदेश कोणाला केला आहे, हे पाहणे इथे जरुरीचे आहे. ती माणसे घरगुती गुलाम होती. रोमन कायद्यात गुलामाला धन्यावर दाद मागण्याची वाट जवळजवळ नव्हतीच. ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही त्याचे सोसणे देवाला दिसते, असा दिलासा त्याला देणे ही एक गोष्ट झाली. ज्याला मार्ग आहे त्याचा मार्ग बंद करून त्याला तोच दिलासा ऐकवणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. शिवाय पुढच्याच अध्यायात पेत्र सांगतो की आपल्या आशेबद्दल कोणी खुलासा मागितला तर तो सौम्यपणे आणि आदराने देण्याची तयारी सदैव असावी. पौलाला तर मार्ग होता आणि त्याने तो वापरला. फिलिप्पैमध्ये त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा त्याने जायला नकार दिला. रोमी नागरिकाला जाहीर मारहाण झाली आहे, तर त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. पुढे कैसरियात त्याने थेट कैसराकडे दाद मागितली.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंनी मौनाला साधनेचे रूप दिले. थोरल्या मकारियसची गोष्ट त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. गावातली एक मुलगी गरोदर राहिली आणि तिने मकारियसचे नाव घेतले. लोकांनी त्याच्या गळ्यात काजळी धरलेली मडकी अडकवून त्याला गावभर मारत फिरवले. तो काही बोलला नाही. टोपल्या विणून त्याने त्यांचे पैसे तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली; आता बायको झाली आहे, तेव्हा जास्त काम करायला हवे, असे त्याने स्वतःला बजावले. प्रसूती अडली तेव्हा मुलीने खरे सांगितले. गाव क्षमा मागायला निघाले आहे असे कळताच मकारियस तिथून उठून स्केतिसला निघून गेला. अपमानापेक्षा सन्मान त्याला जड वाटला.

गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यात एक पोकळी आहे. मुलगी खोटे का बोलली, ती कोणाला घाबरत होती, तिच्यावर जबरदस्ती झाली होती की काय, हे कथा विचारत नाही. मकारियसचा आत्मा उजळून निघतो आणि खरा बाप बाजूला राहतो. पुरुषवेशात मठात राहिलेल्या संत मरीनाच्या कथेतही तेच घडते. खाणावळवाल्याच्या मुलीच्या बाळाचे पितृत्व तिने निमूटपणे अंगावर घेतले, मठाबाहेर राहून मूल वाढवले, आणि ती स्त्री होती हे तिच्या मरणानंतर उघड झाले. निरपराधाने गप्प राहिल्याने अपराधी सुटतो, ही या साधनेची किंमत आहे आणि ती नेहमी साधकच भरतो असे नाही.

मर्यादा त्या साधूंनाही ठाऊक होती. अब्बा अगाथोनची परीक्षा घ्यायला काही जण आले. व्यभिचारी आणि गर्विष्ठ म्हणतात तो अगाथोन तूच का, असे त्यांनी विचारले. तो हो म्हणाला. निंदक आणि बडबड्या तो तूच का? तेही त्याने मान्य केले. पाखंडी अगाथोन तूच का, असे विचारल्यावर मात्र त्याने ठाम नकार दिला. आधीचे दोष स्वतःचे म्हणून घेणे आत्म्याला हिताचे आहे, पाखंड म्हणजे देवापासून तुटणे, आणि ते मी मान्य करणार नाही, असा खुलासा त्याने केला. स्वतःची अब्रू सोडता येते, सत्य सोडता येत नाही, हा फरक अगाथोनने एका नकारात दाखवला. त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्यावर आर्सेनियस नावाच्या माणसाच्या खुनाचा आरोप झाला. मौनव्रत न पाळता त्याने आर्सेनियसला शोधून जिवंत हजर केले. पुढे स्वतःच्या बचावासाठी त्याने ग्रंथ लिहिले. त्याला कोणी कमी संत मानत नाही.

सोळाव्या शतकात आविलाच्या तेरेसाने आपल्या मठभगिनींसाठी लिहिलेल्या ‘परिपूर्णतेचा मार्ग’ या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण, पंधरावे, या विषयाला दिले. दोष नसताना दोष आला तरी सबब सांगू नये, असे ती शिकवते. खोटा आरोप ऐकताना आपले न पकडले गेलेले खरे दोष आठवावेत, ही तिची युक्ती. त्याच ठिकाणी ती प्रांजळपणे कबूल करते की हे आपल्याला स्वतःला फारसे साधलेले नाही. आणि काही प्रसंगी गप्प राहणेच चूक ठरेल, अशी पुस्तीही जोडते. तिच्या चरित्रात हा तोल आणखी स्पष्ट दिसतो. २ डिसेंबर १५७७ च्या रात्री तिचा सहकारी क्रूसभक्त योहान याला त्याच्याच संघातल्या विरोधकांनी पकडून नेले. ४ डिसेंबरला तेरेसाचे पत्र स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी लिहून झालेले होते. स्वतःवरच्या आळाबाबत मौन शिकवणारी ही बाई दुसऱ्यावरच्या अन्यायाबाबत दोन दिवसही थांबली नाही.

प्रवचनांत या सद्गुणाचे उदाहरण म्हणून सर्वाधिक सांगितले जाते ते संत जेरार्ड मायेला यांचे. त्यांचा जन्म १७२६ साली दक्षिण इटलीतल्या मूरो लुकानो गावी एका शिंप्याच्या घरी झाला. रिडेम्प्टरिस्ट संघात ते ब्रदर होते, धर्मगुरू नव्हते. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला जाणाऱ्या मुंबईकराचा या संघाशी नकळत संबंध येतोच: निरंतर साहाय्य करणाऱ्या मातेची मूळ प्रतिमा नवव्या पायस पोपनी १८६६ मध्ये याच संघाच्या हवाली केली. जेरार्डनी नेरिया काज्जानो नावाच्या तरुणीला मठात प्रवेश मिळवून द्यायला मदत केली होती. ती काही आठवड्यांत परत आली आणि मठातल्या सिस्टरांबद्दल वाटेल ते बोलू लागली. पुढे, १७५४ मध्ये, जेरार्ड ज्या कुटुंबाकडे उतरत त्या घरातल्या मुलीशी त्यांचे अनैतिक संबंध आहेत, असा आरोप तिने एका पत्रात केला. ते पत्र संघाचे संस्थापक आल्फोन्सस लिगोरी यांच्या हाती पडले. त्यांनी जेरार्डना बोलावून ते ऐकवले. जेरार्ड गप्प राहिले.

शिक्षा झाली. त्यांना कम्युनियन घ्यायला आणि बाहेरच्या लोकांशी संबंध ठेवायला बंदी झाली. कम्युनियन तुटण्याचे दुःख त्यांना किती होते हे चरित्रकार एका प्रसंगातून सांगतात: कोणीतरी मिस्सेला मदत करायला बोलावले, तर त्यांनी नको म्हटले, मोह आवरणार नाही, पवित्र भाकर हातातून हिसकावून घेईन, असे ते म्हणाले. पुढे नेरिया गंभीर आजारी पडली आणि आपण खोटे लिहिले होते असे तिने दुसऱ्या पत्रात कबूल केले. तुम्ही बोलला का नाहीत, असे आल्फोन्सस यांनी विचारल्यावर जेरार्डनी संघाच्या नियमाकडे बोट दाखवले: सबब सांगू नये, असे नियम सांगतो. १६ ऑक्टोबर १७५५ रोजी, वयाच्या २९व्या वर्षी, ते क्षयाने वारले. १९०४ मध्ये दहाव्या पायस पोपनी त्यांना संतपद दिले. गरोदर स्त्रियांचे कैवारी म्हणून त्यांची भक्ती आजही जगभर चालते.

या गोष्टीचा शेवट गोड आहे तो आजारी पडलेल्या एका स्त्रीची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली म्हणून. ती जागी झाली नसती तर? जेरार्डचे पुण्य कमी झाले नसते, हे खरे. पण ज्या मुलीचे नाव त्यांच्याबरोबर गोवले गेले होते, तिचे काय झाले असते? गप्प राहण्याचा निर्णय जेरार्डचा होता, परिणाम मात्र दोघांवर होणार होता. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आल्फोन्सस धर्मगुरू होण्यापूर्वी नेपल्समध्ये नामांकित वकील होते. १७२३ मध्ये एक मोठा दावा हरल्यावर त्यांनी वकिली सोडली. आरोपीने तोंड उघडले नाही तरी पुरावा तपासला पाहिजे, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? जेरार्डचे मौन हा सद्गुण होता. ते मौन पुरेसे समजून शिक्षा देणे ही संस्थेची चूक होती. दोन्ही गोष्टी एकाच कथेत आहेत आणि व्यासपीठावरून पहिलीच ऐकू येते.

लोयोलाच्या इग्नेशियसनी हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यात दोन प्रकारे सोडवला, म्हणून त्यांचे उदाहरण जास्त उपयोगी पडते. १५२७ मध्ये आल्काला इथे त्यांना तुरुंगात टाकले तेव्हा वकील देऊ केला असता त्यांनी तो नाकारला. त्या वेळी नाव जाणार होते ते त्यांचे एकट्याचे. १५३८ मध्ये रोममध्ये गोष्ट बदलली. इग्नेशियस आणि त्यांचे साथीदार स्पेन, पॅरिस आणि व्हेनिसहून पळून आलेले पाखंडी आहेत, अशी आवई उठवली गेली. चौकशी सुरू होताच आरोप करणारे माघार घेऊ लागले. वरिष्ठांनी प्रकरण मिटवून टाकण्याची तयारी दाखवली. साथीदारांपैकी काहींनाही ते पुरेसे वाटले. इग्नेशियस अडून बसले. लेखी निकाल हवा, म्हणून त्यांनी तिसरे पॉल पोप यांची भेट घेतली आणि १८ नोव्हेंबर १५३८ ला निर्दोषत्वाचा निकाल मिळवला. दोन वर्षांत त्यांच्या येशूसंघाला मान्यता मिळाली आणि त्या साथीदारांपैकी एक, फ्रान्सिस झेवियर, १५४२ मध्ये गोव्याला उतरला. संशय तसाच रेंगाळू दिला असता तर सोबत्यांच्या कामाला तो कायमचा चिकटला असता.

या दोन वागणुकींमागचे तत्त्व तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी मांडून ठेवले होते. अपमान सोसण्याची मनाची तयारी नेहमी हवी, असे ते म्हणतात. प्रत्यक्षात मात्र दोन कारणांसाठी उत्तर द्यावे लागते. एक, निंदा करणाऱ्याच्याच हितासाठी, म्हणजे त्याची मुजोरी वाढू नये म्हणून. दुसरे, इतरांच्या हितासाठी, म्हणजे ज्याच्याकडे पाहून लोक चालतात त्याच्या बदनामीने त्यांचे नुकसान होऊ नये म्हणून. दाखल्याला त्यांनी घेतले आहे ते योहानाच्या शुभवर्तमानातल्या थोबाडीत मारण्याच्या प्रसंगालाच.

मौनाची सक्ती कशी होते, याचे उदाहरण मराठी ख्रिस्ती इतिहासात पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात सापडते. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांचे अँग्लिकन वडीलधाऱ्यांशी मतभेद झाले. त्यांपैकी सिस्टर जेराल्डीन यांनी रमाबाईंच्या प्रश्न विचारण्याला गर्व ठरवले आणि नम्रतेचा उपदेश केला. रमाबाईंनी प्रेम आणि आदर राखून, पण एकेक मुद्दा घेऊन उत्तर दिले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्या जोखडाखाली जाण्याची आपली तयारी नाही, असे स्पष्ट कळवले. १८९३ मध्ये पुण्यात रमाबाईंच्या शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप करत ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्हीकडून रास्त म्हणण्यासारखे काही होते. रमाबाईंनी मात्र काही लपवले नाही: आपली प्रार्थना उघड्या दाराने चालते, कोणी येऊन बसले तर हाकलणार नाही, ही भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. नम्रतेचा अर्थ गप्प बसणे असा त्यांनी कधी केला नाही.

आजच्या काळात सक्तीचा प्रश्न जास्त टोकदार झाला आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधीसंहितेत कलम २२० प्रमाणे कोणाचेही चांगले नाव बेकायदा डागाळण्यास मनाई आहे आणि कलम २२१ प्रमाणे प्रत्येक श्रद्धावंताला आपल्या हक्कांचे रक्षण करण्याचा अधिकार आहे. कलम १७२८ नुसार आरोपीवर गुन्हा कबूल करण्याचे बंधन नाही. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २०(३) ही त्याच जातीची हमी देतो. म्हणजे आरोपीचे मौन हा त्याचा हक्क आहे, त्याच्याविरुद्धचा पुरावा नाही. लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींसाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आदेशात, तक्रार करणाऱ्यावर तिच्या मजकुराबाबत मौनाचे बंधन लादता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना न देणे हाच गुन्हा ठरवला आहे. जेरार्डची गोष्ट सांगून एखाद्या तक्रारदार सिस्टरला, मुलाला किंवा सुनेला शांत बसवण्याला आता ना धर्मविधीचा आधार उरला आहे, ना देशाच्या कायद्याचा. तसा तो पूर्वीही नव्हता.

खोटा आरोप आलेल्या अधिकाऱ्याने कसे वागावे, याचे अलीकडचे चांगले उदाहरण शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांचे. नोव्हेंबर १९९३ मध्ये स्टीव्हन कुक याने त्यांच्यावर पूर्वीच्या लैंगिक अत्याचाराचा दावा लावला. बर्नार्डिन लगेच पत्रकारांना सामोरे गेले, आरोप नाकारला आणि आपले प्रकरण आपणच स्थापलेल्या चौकशी मंडळाकडे जाऊ दिले. कुकवर त्यांनी चिखलफेक केली नाही. संमोहनातून आलेल्या आठवणींवर भरवसा ठेवता येत नाही, असे म्हणत कुकने फेब्रुवारी १९९४ मध्ये दावा मागे घेतला. त्याच वर्षाच्या शेवटी बर्नार्डिन स्वतः त्याला भेटायला गेले. एड्सने आजारी असलेल्या कुकसाठी त्यांनी मिस्सा अर्पण केली. पेत्राच्या दोन्ही अध्यायांचे पालन इथे एकत्र दिसते: खुलासाही झाला आणि उलट शिवीही दिली गेली नाही.

दुसऱ्यावर आरोप झाला असता समाजाने पाळलेले मौन तर या सद्गुणात बसतच नाही. फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झाली. अटकेपूर्वीच त्यांनी चित्रफितीतून आरोप नाकारले होते. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तोपर्यंत खटला उभाही राहिला नव्हता. त्यांनी स्वतः मौन निवडले नव्हते. त्यांच्या वतीने ते पाळण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता.

धर्मगुरूंना आणि पाळकांना विनंती एवढीच आहे. १६ ऑक्टोबरला जेरार्डची गोष्ट सांगताना आल्फोन्सस यांची चूकही सांगावी. शुभ शुक्रवारी पिलातापुढचे मौन सांगताना योहानाच्या १८व्या अध्यायातला जाबही वाचून दाखवावा. स्वतःवर आळ आला तर हवे तेवढे मौन खुशाल पाळावे. पण पॅरिशमध्ये दुसऱ्या कोणावर आरोप झाला, किंवा कोणी आरोप घेऊन आले, तर दोन्ही बाजू ऐकाव्यात, लिहून घ्याव्यात, आणि जिथे कायदा सांगतो तिथे त्याच दिवशी कळवावे.

कळावे.